निकामी होणारी औषधे आणि शेळीपालकाची नजर



ज्या पशुवैद्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांचे सारे आयुष्य चार-पाच शेळ्यांवर घर चालवणाऱ्या माणसांत गेले. त्यामुळे या व्यासपीठावरून शेळीच्या पोटातल्या जंतांविषयी तासभर बोलायला मला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही. विषय मात्र मी अमेरिकेतून उचलला आहे. जंतांची औषधे एकामागून एक निकामी होण्याची गोष्ट तिथे आपल्या आधी घडली, आणि तिची मोजदाद करून ती लिहून ठेवली गेली. जे त्यांनी आपली जनावरे गमावून शिकून घेतले, ते आपल्याला वाचून शिकता येण्यासारखे आहे.

आधी त्या जंताची ओळख करून घेऊ. हिमॉन्कस कंटॉर्टस हे त्याचे शास्त्रीय नाव. शेळीच्या चौथ्या पोटात तो राहतो आणि आतल्या अस्तराला चिकटून रक्त पितो. लांबी दोन-तीन सेंटिमीटर. मादीच्या रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढऱ्या अंडनलिका पिळासारख्या गुंडाळलेल्या असतात, म्हणून अमेरिकी शेतकरी त्याला न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या लाल-पांढऱ्या खांबाच्या नावाने ओळखतात. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. थेंबभरच वाटते. पण हजार जंत असले तर रोजचे ५० मिलिलिटर रक्त जाते, आणि पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात एकूण रक्त असते पावणेदोन लिटरच्या आसपास. पापण्या आणि हिरड्या पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी उतरते, शेळी कळपाच्या मागे रेंगाळू लागते. हगवण लागेलच असे नाही, म्हणून मालकाला उशिरा कळते. करडू असेल तर कधीकधी कळतच नाही, सकाळी ते मेलेले सापडते.

मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. लेंडीतून ती बाहेर पडतात, ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात त्यांच्या अळ्या होतात आणि गवताच्या पात्यावर चढतात. शेळीने ते गवत खाल्ले की तीनेक आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू. या जंताला हवे ते हवामान आपल्या कोकणात पावसाळ्यात असते, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया, लुइझियाना, फ्लोरिडा या राज्यांत वर्षातले कितीतरी महिने असते.

याच दक्षिणेत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शेळी वाढली. अमेरिका हा गाईंचा देश, शेळ्या तिथे आजही पंचवीस लाखांच्या घरात आहेत. एकट्या महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार एक कोटीहून अधिक आहेत. पण १९९३ मध्ये बोअर ही मांसाची जात तिथे पोहोचली. २००४ मध्ये तंबाखूच्या कोट्याची जुनी सरकारी व्यवस्था मोडली आणि केंटकी, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायनातल्या लहान शेतकऱ्यांना दुसरे उत्पन्न शोधावे लागले. गिऱ्हाईकही तयार होते. मेक्सिको, कॅरिबियन बेटे, पश्चिम आफ्रिका, अरब देश आणि भारतीय उपखंडातून गेलेली कुटुंबे शेळीचेच मटण मागतात. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू हॉलंडच्या जनावरांच्या बाजारात ईद आणि ईस्टरच्या आधी भाव चढतो. एडिसनला किंवा ह्यूस्टनला रविवारी रस्सा शिजवणारे मराठी घरही या साखळीत आहे. तिथला शेळीपालक म्हणजे बहुधा वीस-पंचवीस शेळ्यांचा धनी, दिवसा दुसरी नोकरी करणारा, आणि शेळीचे ज्ञान असलेला पशुवैद्य ज्याला सहज सापडत नाही असा माणूस. जंताचे औषध मात्र त्याला पशुखाद्याच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत आले.

औषधांचा इतिहास थोडक्यात सांगतो. गेल्या शतकाच्या मध्याला फेनोथायझिन वापरात होते. त्याला न जुमानणारा हिमॉन्कस केंटकीत आढळल्याचे १९५७ मध्ये नोंदले गेले. १९६१ मध्ये थायाबेंडाझोल आले, त्याच गटात पुढे अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल. तीन वर्षांत, १९६४ मध्ये, थायाबेंडाझोलला दाद न देणारे जंत सापडले. मग लेव्हामिसोल. आणि १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन. जपानमधल्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी मिळवलेल्या जिवाणूपासून विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवले आणि या दोघांना २०१५ चे नोबेल मिळाले. इतके गुणी औषध विरळा. तरीही अंगोरा शेळ्यांतल्या हिमॉन्कसवर ते चालत नसल्याचे अमेरिकी पशुवैद्यक नियतकालिकात १९९० मध्ये छापून आले. औषध बाजारात आल्यापासून दहा वर्षेही झाली नव्हती.

२००३ मध्ये जॉर्जियातल्या १८ शेळीफार्मांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १७ ठिकाणी आयव्हरमेक्टिन निकामी ठरले होते. अल्बेंडाझोल १५ ठिकाणी तपासले, १४ ठिकाणी निकामी. आयव्हरमेक्टिनच्याच कुळातले मॉक्सिडेक्टिन तेवढे सगळीकडे काम करत होते. त्यानंतर जॉर्जिया विद्यापीठातल्या रे कॅप्लान यांच्या प्रयोगशाळेने दक्षिणेतली आठ राज्ये, पोर्तो रिको आणि सेंट क्रॉय इथल्या ४६ शेळी-मेंढी फार्मांतले जंत तपासले. निष्कर्ष २००८ मध्ये छापले गेले. अल्बेंडाझोलच्या गटाला न जुमानणारा हिमॉन्कस ४५ फार्मांवर, आयव्हरमेक्टिनला ३५ वर, लेव्हामिसोलला २५ वर. आणि मॉक्सिडेक्टिनला ११ वर. आठ फार्म असे होते, की तिथे यांपैकी एकही औषध उरले नव्हते. त्या आठ मालकांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. शेळी उभ्या जागी फिकी पडत चालली आहे, दुकानात बाटल्या मांडलेल्या आहेत, आणि त्यातली एकही उपयोगाची नाही.

हे का झाले? याचे उत्तर मला नीट उलगडून सांगायचे आहे, कारण आपण आज नेमके तेच करत आहोत.

कुठल्याही कळपातल्या लाखो जंतांत औषधातून वाचण्याची जन्मजात क्षमता असलेले थोडे जंत आधीपासूनच असतात. औषध त्यांना निर्माण करत नाही, औषध त्यांना निवडते. डोस पाजला की बाकीचे मरतात आणि पुढचे काही आठवडे कुरणावर पडणारी सगळी अंडी या वाचलेल्यांची असतात. त्यांची संख्या वाढायची की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरते: औषधाला बळी पडणारे साधे जंत तेव्हा कुठेतरी शिल्लक आहेत का? काही शेळ्यांना डोस दिलेला नसेल, कुरणावर आधीच्या अळ्या असतील, तर वाचलेल्या मूठभरांचा संकर या साध्या जंतांशी होतो आणि चिवट गुण पातळ होत राहतो. शास्त्रज्ञ या शिल्लक जंतांना आश्रित साठा म्हणतात. शेळीपालकाच्या दृष्टीने हे जंत म्हणजे गावाचे गायरान आहे. ते कोणा एकाचे नाही, त्याच्यावर सगळ्यांचे औषध चालते, आणि ते संपवायला फार वर्षे लागत नाहीत.

आता जुना सल्ला आठवा. सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजा, ठरावीक अंतराने पाजा, पाजले की स्वच्छ कुरणावर न्या, आणि औषध आलटून पालटून वापरा. हा सल्ला पाठ्यपुस्तकांत होता, कंपन्यांच्या पत्रकांत होता, सरकारी शिबिरांत होता. त्यातले प्रत्येक पाऊल साध्या जंतांचा साठा पुसणारे होते. स्वच्छ कुरणावर नेण्याचा भाग तर मला सर्वांत वाईट वाटतो. अळ्याच नसलेल्या रानात आपण फक्त चिवट जंतांचे बी पेरतो आणि त्याला शिस्तबद्ध व्यवस्थापन म्हणतो.

शेळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तिचे यकृत ही औषधे मेंढीपेक्षा लवकर निकालात काढते. बहुतेक औषधांचा डोस तिला मेंढीच्या दीडपट ते दुप्पट लागतो, पण औषधांच्या चाचण्या प्रामुख्याने मेंढी आणि गाईवर झाल्या, बाटलीवरचे माप त्यांचेच. अमेरिकेत शेळीसाठी अधिकृत मान्यता असलेली जंतनाशके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग शेतकरी अंदाजाने देत राहिला. गाईच्या पाठीवर ओतायचे औषध शेळीच्या तोंडात घालण्याचे प्रकारही खूप झाले. वजन न करता नजरेने ठरवलेला डोस बहुधा कमीच पडतो, आणि अपुरा डोस ही तर चिवट जंतांची शाळाच.

यात दोष शेळीपालकाला देण्याची आपल्याकडेही सवय आहे. मला ते मान्य नाही. त्याने सांगितलेलेच केले. सल्ला देणाऱ्यांची, म्हणजे आम्हा पशुवैद्यांची, विद्यापीठांची आणि औषध विकणाऱ्यांची जबाबदारी त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

वाट सापडली ती कुठून, हे ऐकण्यासारखे आहे. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' हे चरित्र १९८१ मध्ये आल्यापासून कार्व्हरांच्या टस्कीगी या शिक्षणसंस्थेचे नाव मराठी घरांत परके राहिलेले नाही. झिजलेल्या जमिनीच्या गरीब काळ्या शेतकऱ्यापर्यंत शेतीचे ज्ञान नेण्यासाठी तिथून १९०६ मध्ये जेसप वॅगन ही फिरती शाळा निघाली. गोऱ्यांच्या विद्यापीठांत ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांच्यासाठी १८९० च्या कायद्याने दक्षिणेत वेगळी कृषी महाविद्यालये उभी राहिली. त्याच परंपरेतल्या जॉर्जियाच्या फोर्ट व्हॅली स्टेट आणि ओक्लाहोमाच्या लँगस्टन या विद्यापीठांनी शेळी हा विषय तेव्हा हाती घेतला, जेव्हा मोठ्या विद्यापीठांचे लक्ष गाय आणि डुकरावर होते. फोर्ट व्हॅलीचे थॉमस टेरिल, जॉर्जिया विद्यापीठाचे कॅप्लान, लुइझियाना स्टेटचे जेम्स मिलर, आर्कान्सामधल्या बूनव्हिलच्या सरकारी लघुशेती संशोधन केंद्रातल्या जोन बर्क अशा लोकांनी २००३ च्या सुमारास एकत्र येऊन लहान रवंथी जनावरांच्या जंतांसाठी एक संघ उभारला. आधी तो दक्षिणेपुरता होता, पुढे साऱ्या अमेरिकेचा झाला. ज्या संस्थांकडे पैसा कमी होता पण लहान शेतकऱ्याशी नाते होते, त्यांना हा प्रश्न आधी दिसला. मला यात योगायोग वाटत नाही.

त्यांनी आणलेले मुख्य साधन अमेरिकेचेही नव्हते, ते दक्षिण आफ्रिकेचे होते. तिथल्या फाफा मलान, गॅरेथ बाथ आणि यान फान वाइक या पशुवैद्यांनी एक पुठ्ठ्याचा तक्ता केला आणि मलान यांच्या नावावरून तो फमाचा म्हणून ओळखला जाऊ लागला. तक्त्यावर पापणीच्या आतल्या बाजूचे पाच रंग आहेत: एक नंबर गडद लाल, पाच नंबर कागदासारखा पांढरा. वरची पापणी बोटाने डोळ्यावर झाका, हलके दाबा, खालची पापणी खाली ओढा, आतले अस्तर बाहेर येते. उन्हात, सावलीत नाही. रंग तक्त्याशी जुळवा. एक आणि दोन नंबरच्या शेळीला औषध नाही. चार आणि पाचला लगेच. तीनला तारतम्य, पण शेळी असेल आणि त्यातही करडू किंवा गाभण असेल तर देऊन टाकावे. पावसाच्या दिवसांत दर दोन आठवड्यांनी हेच. एका शेळीला मिनिटही लागत नाही.

यामागचे गणित सोपे आहे. कळपातले बहुतेक जंत थोड्या जनावरांत दाटलेले असतात. ढोबळमानाने पाचातल्या एका शेळीत ऐंशी टक्के. त्या शेळीला औषध दिले की कुरणावर पडणाऱ्या अंड्यांचा मोठा भाग थांबतो, आणि बाकीच्या चार शेळ्यांच्या पोटात साध्या जंतांचा साठा जिवंत राहतो. औषधाचा खर्च घटतो. वर आणखी एक लाभ: दर वेळी कोणाची पापणी फिकी निघते ते वहीत लिहिले, तर कोणती शेळी आणि कोणाची पिल्ले ठेवायची नाहीत हे दोन हंगामांत स्पष्ट होते. टेनेसी स्टेट विद्यापीठात बोअर, किको आणि स्पॅनिश जातींच्या माद्या वर्षानुवर्षे एकाच रानात ठेवून पाहिल्या, तेव्हा दिसायला भारदस्त आणि महाग असलेली बोअर टिकण्यात मागे पडली. बाहेरून आणलेल्या भारी जातीच्या मोहात पडणाऱ्या आपल्या तरुणांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

तक्त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रक्त पिणाऱ्या जंतांपुरताच तो खरा. लहान आतड्यातल्या ट्रायकोस्ट्रॉन्जिलसने शेळी हगते, खंगते, पण पापणी लालच राहू शकते. गोचीड, यकृतकृमी किंवा कुपोषणानेही पापणी फिकी होते. म्हणून अमेरिकी संघाने प्रशिक्षण घेतल्याशिवाय तक्ता हातात द्यायचा नाही असा नियम ठेवला, आणि तो योग्य आहे.

तक्त्याच्या जोडीला इतर उपाय आले. बूनव्हिलला कॉपर ऑक्साइडच्या बारीक तारांच्या कॅप्सूलवर बरेच काम झाले. हिमॉन्कस कमी होतो, मात्र मेंढीला तांबे लवकर बाधते म्हणून हात राखून द्यावे लागते. फोर्ट व्हॅलीने सेरिसिया लेस्पेडेझा या टॅनिनयुक्त चाऱ्यावर भर दिला. पूर्व आशियातून आलेले हे रोप १९३० च्या दशकात जमिनीची धूप रोखायला लावले गेले, कॅन्सासमध्ये ते कायद्याने तण ठरले आहे, आणि शेळ्या ते आवडीने खातात. टस्कीगीत पाइनच्या सालीवर प्रयोग झाले. औषध द्यायचेच तर आलटून पालटून देण्याऐवजी वेगवेगळ्या गटांची दोन-तीन औषधे एकाच वेळी, पण निवडक शेळ्यांनाच, असा सल्ला आता तिथे दिला जातो. नवीन औषधाची वाट पाहणाऱ्यांसाठी मोनेपँटेलचे उदाहरण पुरेसे आहे. २००९ मध्ये ते न्यूझीलंडमध्ये आले. २०१३ मध्ये तिथल्याच एका शेळीफार्मवर ते निकामी झाल्याचे प्रसिद्ध झाले.

आता आपल्याकडे येऊ. भारतात फेनोथायझिन आणि थायाबेंडाझोलला न जुमानणाऱ्या हिमॉन्कसची नोंद १९७६ चीच आहे. त्यानंतरच्या नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: प्रश्न गावच्या कळपांपेक्षा संघटित आणि सरकारी फार्मांवर अधिक आहे. कारण तिथे औषध नियमित पाजले जाते. रानोमाळ हिंडणाऱ्या धनगराच्या कळपात साध्या जंतांचा साठा अजून पुष्कळ आहे. आपण ज्याला मागासलेपण समजतो, ते इथे आपले भांडवल आहे. आणि बंदिस्त शेळीपालनाच्या लाटेत, अनुदानाच्या गटासोबत येणाऱ्या बाटलीत आणि सगळ्यांना एका दिवशी पाजण्याच्या मोहिमांत आपण ते भांडवल वेगाने उडवत आहोत. बाजारातून आणलेला एक देखणा बोकड चिवट जंत घेऊन येतो आणि सगळा गोठा त्याच्या पंक्तीला बसतो.

महाराष्ट्रात या विषयाची जाण नव्हती असे नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ऑस्ट्रेलियाच्या सहकार्याने दख्खनी मेंढीवर जो प्रकल्प केला, त्यात जुळ्यांच्या गुणाबरोबर जंतांना तोंड देण्याची ताकद हेही उद्दिष्ट होते. ते काम उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ शेळ्यांपर्यंत पोहोचले पाहिजे. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्यांना गावोगावचे कळप तपासायला लावले, तर कोणत्या तालुक्यात कोणते औषध अजून चालते याचा नकाशा तयार करता येईल. तो आज कोणाच्या टेबलावर नाही.

हा विषय माणसापासूनही फार दूर नाही. आयव्हरमेक्टिन हत्तीरोगाच्या मोहिमेत नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये वापरले गेले, अल्बेंडाझोल शाळेतल्या मुलांना वर्षातून ठरलेल्या दिवशी मिळते. त्या मोहिमा आवश्यक आहेत, कोणीही गोळी नाकारू नये. पण हीच शस्त्रे आपण गोठ्यात सर्रास उधळतो, तेव्हा ती किती थोडी आहेत याचे भान असावे.

म्हणून माझी विनंती इथे बसलेल्या शेळीपालकांना आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांतल्या माझ्या सहकाऱ्यांना आहे. येत्या पावसाळ्यात बाटली उघडण्याआधी प्रत्येक शेळीची पापणी उन्हात उघडून पाहा. वजन काट्यावर करा आणि शेळीचा डोस डॉक्टरांकडून शेळीसाठी म्हणून विचारून घ्या. नवीन जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधा. डोस देण्याच्या दिवशी आणि नंतर चौदाव्या दिवशी दहा शेळ्यांच्या ताज्या लेंड्या जवळच्या प्रयोगशाळेत द्या. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील, तर ते औषध तुमच्या गोठ्यात संपत आले आहे. तो आकडा तारखेसह वहीत लिहा, शेजाऱ्याला सांगा आणि दवाखान्यात कळवा.